जीप घ्या, पण हात काळे करायची तयारी ठेवा!

फायनल इयर आलं की होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी ग्रुप असा निघतोच, जो म्हणतो, "चौघांत मिळून एक जुनी जीप घेऊया यार!" माझं मत विचाराल तर जरूर घ्या. पण फिरायला मिळतं म्हणून नको, शिकायला मिळतं म्हणून घ्या. नुसतं फिरायचंच असेल तर आपली एसटी केव्हाही स्वस्त!

थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ पासून अमेरिकेत विलीज जीपा बनू लागल्या आणि १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली. पुढे आपल्या खेड्यापाड्यांत ओळखीची झाली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. बॉनेट उंच का? स्टाइल म्हणून नाही! १९५३ च्या या मॉडेलमध्ये २.२ लिटरचं हरिकेन इंजिन आलं. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. इंजिनची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. या गाडीत असं प्रत्येक गोष्टीला कारण सापडतं.

खरी मजा इथेच आहे. बॉनेट उघडलं की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, फॅन बेल्ट सगळं डोळ्यांसमोर. ना सेन्सर, ना ईसीयू. डिफरन्शियलची आकृती काढून आपण पेपरात मार्क मिळवतो, पण फोर व्हील ड्राइव्ह टाकून डांबरी रस्त्यावर वळल्यावर काय होतं ते किती जणांना सांगता येईल? या जीपच्या पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. चिखलात चाकं घसरून हा फरक भरून निघतो, डांबरावर निघत नाही. मग शाफ्ट पिळले जातात आणि लिव्हर अडकून बसतो. हे एकदा हाताला जाणवलं की वायवात कुणी अडवू शकत नाही!

आता दुसरी बाजू. चारही चाकांना ड्रम ब्रेक, ते पाण्यातून गेले की धरत नाहीत. व्हीलबेस जेमतेम ८० इंच आणि गाडी उंच, त्यामुळे घाटात जोरात वळवली की उलटायची भीती. मूळ गाडीत सीट बेल्ट नाही. कित्येक जुन्या जीपांचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे ओव्हरटेक करताना शेजारच्याला विचारायचं, "येतंय का रे कोणी?" रात्री दोन वाजता आठ जण कोंबून लोणावळ्याला जाण्याची ही गाडी नव्हे.

कागदपत्रांचा ताप वेगळाच. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पासिंग. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,०००. गॅरेजमध्ये पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीपा बऱ्याच दिसतात. त्याची नोंद आरसीवर नसेल तर सौदा सोडून द्या. कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच सांगितलंय. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमाने 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते, पण मग ती रोज रस्त्यावर आणता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे चौघांचे, पण आरसीवर नाव एकाचं! अपघात झाला तर नोटीस त्याच्याच घरी जाणार. पास झाल्यावर एक पुण्यात, एक बंगलोरला, एक एमएसला आणि चौथा केटी सोडवत इथेच. जीप मात्र ताडपत्रीखाली गंजत!

म्हणून वर्कशॉपच्या सरांना एक विनंती. डिपार्टमेंटनेच एक जुनी जीप का घेऊ नये? एका बॅचने ब्रेक उघडावेत, दुसरीने गिअरबॉक्स, तिसरीने पाटे आणि स्टिअरिंग. काय खोललं, काय बदललं ते वहीत लिहून वही ज्युनिअर्सकडे द्यावी. गाडी कॅम्पसच्या आतच चालवावी, सर शेजारी बसलेले असताना. चार जणांच्या वर्गणीत जे जमणार नाही, ते चार बॅचच्या मेहनतीत नक्की जमेल. मग मित्रांनो, पाना कोण उचलतंय?