परदेशांतील पोस्त

एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. त्या स्वतः, थोरले चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें अशी मंडळी येत्या सुटींत मॉरिशसला जाणार आहेत. समुद्रकांठच्या एका हॉटेलांत सात दिवसांचा मुक्काम ठरला असून पैसेही आगाऊ भरून झाले आहेत. त्या विचारतात, "सर्व पैसे आधींच दिले असतांना तेथील नोकरांना निराळी पोस्त द्यावी लागते काय? द्यावी तर कोणाला, किती आणि कशी? मुलगा म्हणतो, आपण कांहीं देणें लागत नाहीं. सून म्हणते, न देणें बरें दिसत नाहीं."

प्रश्न वरवर पाहतां चार पैशांचा आहे. परंतु याच प्रश्नापायीं आम्हीं त्याच बेटावर एकदां स्वतःची फजिती करून घेतली आहे. म्हणून उत्तर थोडें विस्तारानें देतों.

प्रथम शब्दाकडे पाहूं. संस्कृतच्या मास्तराची ही जुनी खोड आहे. मॉरिशसमध्यें घरोघर क्रिओल बोलतात आणि तिच्या जोडीला फ्रेंच व इंग्रजी चालतात. पोस्तीला फ्रेंचांत 'पूर्ब्वार' म्हणतात. त्याचा अक्षरार्थ 'पिण्यासाठीं'. जर्मन भाषेंतला 'ट्रिंकगेल्ट' म्हणजे 'पिण्याचे पैसे'. आपलें 'चहापाणी' हें त्यांचेंच भावंड. थकल्याभागल्या माणसानें घोटभर कांहीं प्यावें, ही कल्पना सर्वत्र एकच. आपल्याकडे मात्र कचेरींतल्या लांचेनें तेंच नांव घेतल्यामुळें शब्द बाटला. 'बक्षीस' हा शब्द फारसींतून आला. त्याचें मूळ ज्या इराणी धातूंत आहे तो आपल्या 'भज्' धातूचा सगोत्र आहे. 'भज्' म्हणजे वांटणें. 'भाग' आणि 'विभाग' हे त्याच कुळांतले. तेव्हां बक्षिसाच्या मुळाशीं कृपा नाहीं, वांटा आहे. केवळ व्युत्पत्तीवरून आचार ठरत नाहीं हें खरें, पण येथें ती आचाराला साह्य करते. ज्याच्या श्रमानें आपला मुक्काम सुखाचा झाला त्याला त्या सुखांतला लहानसा वांटा देणें, इतकाच पोस्तीचा अर्थ.

दानाचा विचार करतांना गीतेंत देश, काल आणि पात्र हीं पाहण्यास सांगितलें आहे. पोस्त हें दान नव्हे, तरी याच तीन कसोट्या तिलाही लागू पडतात.

आधीं देश. अमेरिकेंत पोस्त घेणाऱ्या वाढप्याला मालकानें द्यावयाची किमान रोख मजुरी संघराज्याच्या कायद्यानें ताशीं २ डॉलर १३ सेंट इतकीच आहे, आणि हा आंकडा १९९१ पासून बदललेला नाहीं. कांहीं राज्यांनीं आपल्यापुरता तो वाढवला आहे इतकेंच. बाकीची भर गिऱ्हाइकाच्या पोस्तीनें पडेल असें कायद्यानेंच गृहीत धरलें आहे. म्हणून तेथें पोस्त न देणें हें जवळजवळ मजुरी बुडवण्यासारखें आहे. मेक्सिकोच्या समुद्रकांठींही पुष्कळ प्रवासी जातात. तेथील कामगार-कायदा पोस्त हा नोकराच्या पगाराचाच भाग मानतो आणि मालकाला तींत वांटेकरी होण्याची मनाई करतो. जपानांत याच्या अगदीं उलट. उपाहारगृहांत पोस्तीची चाल नसल्यामुळें पुढें केलेले पैसे बहुधा नम्रपणें परत केले जातात.

मॉरिशसची जागा या दोहोंच्या मध्यें आहे. तेथें पोस्तीची सक्ती नाहीं. २०१८ पासून राष्ट्रीय किमान वेतनाचा कायदा लागू असल्यामुळें नोकराची चूल केवळ तुमच्या पोस्तीवर पेटत नाहीं. बिलांत १५ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो. तो सरकारजमा होतो, त्याला सेवेचा मोबदला समजूं नये. सेवाशुल्क मात्र निराळें लिहिलें असेल, तर वर कांहीं न दिल्यानें कोणाचा अवमान होत नाहीं. म्हणजे चिरंजीवांचें म्हणणें नियमाला धरून आहे. सूनबाईंचेंही खरें कसें, तें आतां सांगतों.

तीन वर्षांपूर्वीं मुलगा, सून, आमच्या सौ. आणि आम्ही असे चौघें जण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाक येथें उतरलों होतों. खोली झाडण्यास व चादरी बदलण्यास चाळिशीच्या एक बाई येत. पहिल्या दिवशीं समुद्रावर जातांना आम्हीं मेजावर तेथील १०० रुपयांची नोट ठेवली. परत येऊन पाहतों तों खोली आरशासारखी लख्ख, आणि नोट पाण्याच्या पेल्याखालीं नीट दाबून ठेवलेली. दुसऱ्या दिवशीं २०० रुपये ठेवले. तेही तसेच राहिले. रक्कम थोडी म्हणून बाई रुसल्या असाव्या, अशी आमची समजूत झाली. सौ. म्हणाल्या, "मानी दिसते. उगीच तिचा अपमान कशाला? पैसे ठेवूंच नयेत."

तिसऱ्या दिवशीं गुडघा दुखूं लागल्यामुळें आम्ही खोलींतच राहिलों आणि पुण्यास धाकट्या बंधूंशीं फोनवर बोलत बसलों. बाई दारांत थबकल्या. बोलणें संपतांच त्यांनीं विचारलें, "तुम्ही मराठी?" उच्चार किंचित् फ्रेंच वळणाचा, पण शब्द स्वच्छ. त्या जवळच्याच कास्काव्हेल गांवच्या. घरीं क्रिओल बोलतात. मराठी शाळेंत शिकल्या आणि गणपतीच्या देवळांतल्या भजनांत ती टिकवली. पूर्वज कोंकणांतून आले एवढें त्यांना ठाऊक होतें, गांवाचें नांव मात्र विसरलें गेलें होतें. १८३४ पासून पुढील शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ पांच लक्ष हिंदी मजूर करारानें या बेटावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठीं नेण्यांत आले. बहुतेक बिहार व त्याच्या शेजारच्या मुलखांतले; पण मुंबई बंदरांतून निघालेले आपल्याकडचेही हजारों होते. पोर्ट लुई येथील ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशांत गणला जातो. आज त्या देशांत गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि मराठी शाळांतून शिकवली जाते.

हें सर्व ऐकून आमचें मन भरून आलें. ही तर आपलीच! हिच्या हातावर नोट कशी ठेवावी? सूनबाईंनीं प्रवासासाठीं बांधून घेतलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा उघडून आम्हीं चार लाडू त्यांना दिले. त्यांनींही ते आनंदानें घेतले. पोस्तीचा प्रश्न परस्पर सुटला म्हणून आम्ही निश्चिंत झालों.

रात्रीं जेवतांना ही हकीकत सांगितली, तेव्हां चिरंजीव हंसले. म्हणाले, "बाबा, परकी होती तोंवर दोनशें रुपये, आणि आपली निघाली तर चार लाडू? नातें तिला महाग पडलें कीं!"

आम्ही निरुत्तर झालों. तीस वर्षें मास्तरकी करतांना "गुरुजी, तुम्ही तर घरचेच" असें म्हणून ज्यांनीं आपल्या मुलांची संस्कृतची शिकवणी आमच्याकडून फुकट करून घेतली, त्यांना मनांतल्या मनांत आम्हीं काय काय म्हटलें होतें, तें त्या रात्रीं आठवलें. त्यांनींही आम्हांला सणासुदीला लाडू पाठवले होते!

चौथ्या दिवशीं संकोच सोडून बाईंना विचारलें, "आम्हीं ठेवलेले पैसे तुम्हीं घेतले कां नाहींत?" त्या म्हणाल्या, "गुरुजी, मेजावरचे पैसे पाहुण्यांचे. ते माझे आहेत असें कोणी सांगितलें नाहीं, तर मी ते कसे उचलूं? उद्यां कोणी पैसे हरवले म्हणालें, तर माझी नोकरी जाईल." त्यांत रुसवा नव्हता आणि मानीपणाही नव्हता. आम्हीं ठेवलेली नोट मुकी होती, एवढेंच. पुढें निघण्याच्या दिवशीं पाकिटावर देवनागरींत त्यांचें नांव घालून, राहिलेल्या सर्व दिवसांचे पैसे हातीं दिले. त्यांनीं नांव वाचलें, पाकीट खिशांत ठेवलें आणि सांगितलें, "खालीं कचेरीपाशीं पेटी आहे. तींत थोडें टाकलेंत तर धुणें धुणाऱ्या मुलींनाही मिळेल. त्या पाहुण्यांना दिसत नाहींत." वांट्याचा जो अर्थ आम्हीं धातुपाठांतून काढला होता, तो त्या बाईंना पाठाशिवायच ठाऊक होता.

आतां काल आणि पात्र. सामान वाहून आणणाऱ्यास त्याच वेळीं द्यावें. खोलीचें काम रोज एकच व्यक्ति करीत असेल तर शेवटीं एकदम दिलें तरी चालतें. माणसें बदलत असतील तर रोजचें रोज द्यावें, नाहीं तर सहा दिवस एकानें राबावें आणि सातव्या दिवशीं दुसऱ्यानें घ्यावें असें होतें. देणाऱ्याची गांठ पडत नसेल तर पाकिटावर 'खोलीचें काम करणाऱ्यांसाठीं, आभार' असें इंग्रजींत किंवा फ्रेंचांत लिहून ठेवावें. आचारी, धोबी, माळी यांच्यासाठीं कचेरीपाशीं ठेवलेली पेटी आहे. तींतले पैसे सर्वांत वांटले जातात ना, एवढें विचारून घ्यावें. उतरल्याबरोबर समुद्राकडची खोली मिळावी म्हणून कोणाच्या हातीं नोट सरकवूं नये. जें कामाआधीं आणि दुसऱ्याला डावलण्यासाठीं दिलें जातें, तिला पोस्त म्हणत नाहींत.

किती द्यावें? आम्हीं केलेला हिशेब सांगतों. तो नियम समजूं नये. आम्ही गेलों तेव्हां तेथील एका रुपयास आपले दोन रुपयांहून किंचित् कमी पडत. सामान आणणाऱ्यास ५० ते १००. खोलीचें काम करणाऱ्या बाईंना दिवसास १००. बाहेरच्या उपाहारगृहांत सेवाशुल्क लावलेलें नसेल तेथें बिलाच्या ५ ते १० टक्के. इल-ओ-सेर बेटावर नेणाऱ्या होडीच्या खलाशांना सर्वांना मिळून २००. आणि निघतांना पेटींत १०००. ज्याला एवढें झेपत नाहीं त्यानें कमी द्यावें, पण आभार मानण्यांत कसर करूं नये.

पैसे तेथल्याच चलनांत द्यावे. आपली नोट दिली तर ती मोडून घेण्याचा त्रास त्या गरिबालाच पडतो, आणि परदेशी नाणीं तर सराफही सहसा घेत नाहीं. तेथील २५, ५०, १०० व २०० च्या नोटा पहिल्या दिवशींच मोडून जवळ ठेवाव्या. हल्लीं सर्व व्यवहार कार्डावर होत असल्यामुळें ऐन वेळीं खिशांत सुटे पैसे नसतात. त्या नोटांवर देवनागरी अक्षरेंही आहेत. नातवंडांना जरूर दाखवावीं. चारचौघांत नोट फडकावूं नये, आणि देतांना समोरच्याच्या तोंडाकडे पाहून दोन शब्द बोलावे. 'मेर्सी' एवढा एक शब्द सर्वांनाच येतो.

पत्रलेखिका भगिनींना एवढेंच सांगणें कीं, घरांतला वाद मिटवण्याची गरज नाहीं. देणें लागत नाहीं हेंही खरें आणि द्यावें हेंही खरें. निघण्यापूर्वीं सात-आठ कोरीं पाकिटें सामानांत घालावीं. आणि आपल्या घरीं वर्षानुवर्षें भांडीं घासणाऱ्या ज्या बाईंना आपण 'घरच्याच' म्हणतों, त्यांचा पगार शेवटीं केव्हां वाढवला तें एकदां आठवून पाहावें. आम्हीं परत आल्यावर पहिलें काम तेंच केलें. किती वाढवला तें सांगत नाहीं; तो पूर्वींच वाढवावयास हवा होता.