टाकीच्या तळाशी काय साचले आहे?

नारळी पौर्णिमा झाली, होडी पाण्यात लोटली आणि आउटबोर्ड मशीन सुरूच होईना. दोरी ओढून खांदे भरून येतात, प्लग बदलून होतो. शेवटी मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडतो, तर आत पांढरा गंज. दोष मशीनला दिला जातो. पण आधी टाकी तपासायला हवी.

आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी ते सामावून घेते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, पेट्रोल वर राहते. मशीनची नळी मात्र तळातूनच ओढते. टू-स्ट्रोक मशीनसाठी मिसळलेले ऑइल वरच्या थरात राहते. तळाचे बिनतेलाचे मिश्रण आत गेले तर दट्ट्या जाम होण्याचा धोका असतो.

मोटारीची टाकी बंदिस्त असते आणि आठ-पंधरा दिवसांत रिकामी होते. होडीतली टाकी उघड्यावर, झाकणाला हवेचे छिद्र, भोवती खारा वारा आणि लाटांचे तुषार. पावसाळी मासेमारी बंदीत ती दोन महिने किंवा अधिक तशीच पडून राहते. मोटार बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते. खडकाळ किनाऱ्याजवळ मशीन बंद पडले तर होडी लाटेच्या ताब्यात जाते.

इथेनॉलने उसाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले, तेलाची आयात कमी होते. त्याला माझा विरोध नाही. पण 2025 मध्ये या पेट्रोलवर देशभर वाद रंगला तो मोटारींच्या मायलेजचा. होडीबद्दल कोण बोलले? बहुतेक आउटबोर्ड कंपन्या 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगतात. अमेरिकेत 15 टक्के इथेनॉलचे पेट्रोल बोटीत भरायला कायद्याने बंदी आहे, आणि तशी सूचना पंपावरच चिकटवलेली असते. तिथे अनेक ठिकाणी बोटींसाठी बिनइथेनॉलचे पेट्रोलही मिळते.

तशी सोय इथे होईपर्यंत आपल्या हातात आहे ते करू. बंदीपूर्वी लागेल तेवढेच पेट्रोल भरा. शेवटच्या फेरीनंतर टाकी रिकामी करा, नळी काढून मशीन बंद पडेपर्यंत चालवा आणि कार्ब्युरेटरमधले उरलेले पेट्रोल स्क्रू उघडून सांडू द्या. मशीन चालू असताना पाण्यावर किंवा थंड पाण्याच्या पिंपात असू द्या, नाहीतर मशीनचा पाण्याचा पंप जळेल. पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा. रबरी नळी आणि बल्ब मऊ पडले किंवा तडकले असतील तर बदला. हंगामाच्या आधी टाकीच्या तळचे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा. दोन थर दिसले तर ते हलवून किंवा औषध घालून सुधारत नाही. सगळे काढून टाका.

पण हा खर्च आणि धोका फक्त मच्छीमाराने का सोसावा? किनाऱ्यावर कित्येक मच्छीमार सहकारी संस्थांचे स्वतःचे डिझेल पंप आहेत. त्याच पंपांवर होडीसाठी कमी इथेनॉलचे पेट्रोल मिळण्याची सोय सरकारने करावी. संस्थांनी येत्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव करून मत्स्यव्यवसाय विभागाकडे पाठवावा. ऊस उत्पादकाला बाजार मिळवून देणाऱ्या राज्याने होडीवाल्याचाही तेवढाच विचार केला पाहिजे.