दारावरचा सूर्य

आमची आत्या हिंगोली जिल्ह्यातली, औंढ्याची. सारा जन्म नागनाथाच्या देवळाभोवती गेलेला. यंदा श्रावणात ती दादरला आमच्याकडे आली आणि टॅक्सीतून उतरताच, पिशव्या फुटपाथवर तशाच टाकून, मान वर करून उभी राहिली.

"दारावर सूर्य कोणी काढला रे?"

बत्तीस वर्षे मी त्या दारातून जा-ये करतो. सूर्य कसला? पाहतो तो खरेच, सिमेंटच्या गिलाव्यात अर्धा सूर्य उगवलेला, किरणे पंख्यासारखी पसरलेली. त्यातल्या एका किरणात केबलवाल्याने खिळा ठोकलेला!

१९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मरीन ड्राइव्ह, दादर, माटुंगा इथे अशा इमारती उठल्या. सळ्या घातलेले काँक्रीट आले नि दगडावरची छिन्नी मागे पडली. गवंड्याने ओल्या गिलाव्यातच लाटा नि कारंजी उठवायची. सज्जे गोलाकार, कठडे थेट आगबोटीचे. खिडकीवर भुवईसारखा छज्जा, पण तो नुसता नखरा नव्हे, ऊनपाऊस अडवतो. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची अशी रांग २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. आमचा सूर्य यादीबाहेर. पत्ता चुकला, दुसरे काय!

रात्री आत्याला सांगितले, इमारत पाडायची आहे. संमतीचा कागद माझ्या सहीवाचून टेबलावर पडला होता.

"कामून पाडता? आमच्या नागनाथाचं बघ. खालचा काळा दगड जुना, वरचं शिखर मागाहूनचं. वरचं गेलं म्हणून खालच्या मूर्ती कोणी फेकल्या का? त्याच्यावरच बांधलं."

मी गप्प बसलो. बायकोचे गुडघे, तीन जिने, गळकी गच्ची हे तिला दिसतच होते. कंत्राटदाराला विचारलेही, की हा सूर्य तेवढा काढून नव्या दारावर बसवता येईल का? तो म्हणाला, "साहेब, गिलावा आहे. भिंतीसकट उतरतो, नि उतरला की भुगा."

सही केली.

आत्याला फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मग फोटू काढून ठेव. सगळे उभे राहा त्याच्याखाली."

काल स्टूल घेऊन खाली गेलो आणि तो खिळा उपटून काढला. पाडव्याला सकाळी फोटो काढायचा आहे.