घराचा खण, चोळीचा खण



मागच्या खेपेला आपण वालाच्या पेरणीविषयी बोललो. आज पिकाची गोष्ट नाही, घराची आहे. पण घर हेही शेतकऱ्याचेच, म्हणून ती याच पानावर सांगतो.

पनवेलला लागून असलेल्या करंजाडे गावात माझे पंचवीस वर्षांचे येणे-जाणे. पूर्वी मी तेथे भाताचे बियाणे घेऊन जात असे. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली, आणि पुढे एकेका गावाची खाचरे तिच्याकडे गेली. बांधांवरून रस्ते झाले, खळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. चिंचपाडा, कोल्ही, कोपर ही आसपासची गावे विमानतळासाठी उठली, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. या सगळ्यात माझ्या जुन्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे कौलारू घर मात्र अजून उभे आहे. त्यांना मी नाना म्हणतो. दिवाळीनंतर नानांनी निरोप धाडला, "साहेब, येकदा येऊन जावा."

मला वाटले, परसातल्या नारळावर कीड पडली असेल. पाहतो तो कीड नव्हती, काळजी होती. नानांची मुलगी आर्किटेक्टच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. नाना म्हणाले, "साहेब, पोरीला घरं बांधाला शिकवाला धाडली, आन् ही बसलीय चिंध्या शिवत नि लगदा कुटत. फीचा हप्ता भरू का नको, मना सांगा."

ओटीवर मुलीने आपले काम मांडून ठेवले होते. एक अंगरखा, एक पुठ्ठ्याचे घर आणि कागदावर काढलेले एक चित्र. आधी मलाही वाटले, या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध? म्हणून मी तिलाच विचारले.

तिने पहिल्यांदा अंगरखा उचलला. तो आजीच्या जुन्या लुगड्याचा होता. ती म्हणाली, "काका, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याला कात्री नाही, गुंडी नाही, तरी लावणीला वाकणारी बाईही तेच नेसते आणि लग्नात मिरवणारीही तेच." तिने लुगड्याचे सरळ चौकोनी तुकडे केले होते आणि ते असे जोडले होते की बोटभर चिंधीही वाया गेली नव्हती. काखेत आणि खांद्याला कापड कोठे ताणते हे आजीच्या अंगावर पाहूनच ठरवलेले होते.

मग तिने पुठ्ठ्याचे घर पुढे ओढले. ते त्याच राहत्या घराचे रूप होते. ओटी, माजघर, चुलीची खोली, मागची पडवी, सगळे फुटपट्टीने मोजून केलेले. ती म्हणाली, "काका, आपल्याकडे घर केवढे, असे विचारले तर लोक खण सांगतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. आणि आजीच्या चोळीला लागतो तोही खणच." मी चमकलो. हा शब्द मी जन्मभर दोन्ही अर्थांनी वापरला, पण दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. कापडाचा असो की घराचा, खण म्हणजे ठरल्या मापाचा तुकडा. शिंप्याने तो अंगाला बेतायचा, सुताराने तो माणसाच्या वावराला बेतायचा.

तिसरी वस्तू म्हणजे चित्र. कागद तिने घरच्या पेंढ्याचा केला होता. पेंढा बारीक कापून, धुण्याच्या सोड्यात शिजवून, स्वच्छ धुऊन, कुटून लगदा केला आणि चौकटीच्या जाळीवर पसरून वाळवला. त्यावर तांदळाच्या पिठाने चौक काढला होता. या आजी तरुणपणी लग्नघरी धवले गायला जात, चौक मांडत. आता गुडघे धरले आहेत, आणि घरात कोणी ते शिकले नाही. नातीने सबंध पावसाळा आजीजवळ बसून एकेक रेघ उतरवून घेतली. आजी चित्रावरून हात फिरवून म्हणाल्या, "बाय, हा कोपरा चुकला गो." नातीने लगेच पेन्सिलीने खूण केली.

आता पाहा, चौक हा शब्दही दुहेरीच आहे. लग्नात पिठाने मांडतात तो चौक, आणि वाड्याच्या मधोमध मोकळी जागा सोडतात तोही चौक.

नानांना मी सांगितले की तुमची पोर भरकटलेली नाही. या विद्येची रीतच अशी आहे. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. तेथे चित्रे आणि मूर्ती शिकवीत. त्याच शाळेत १८९६ साली नकाशे काढणाऱ्यांचा वर्ग निघाला आणि त्यातूनच पुढे वास्तुकलेचे कॉलेज वाढले. जर्मनीत वायमार गावी १९१९ साली बाउहाउस नावाची शाळा निघाली. तेथे घरे आखू पाहणाऱ्या पोरांनाही आधी सुतारकाम, विणकाम, मातीकाम अशा कारखान्यांत हात चालवावा लागे. वस्तू हातात धरल्याशिवाय माप कळत नाही, असा त्यामागचा विचार.

दूर कशाला, आपले बेलापूर पाहा. तेथे चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज वसवले. भूखंड लहान, ४५ ते ७५ चौरस मीटरचे. पण सात सात घरे मिळून मध्ये आठ मीटर लांब-रुंद चौक सोडला. शेजाऱ्याची भिंत सामाईक ठेवली नाही, कारण हातात पैसा येईल तसे ज्याला त्याला आपले घर वाढवता यावे. आज तेथली बरीच घरे पाडून मोठी बांधली गेली आहेत, पण चौक कायम आहेत.

नाना ऐकत होते, पण खरे दुखणे पुढेच होते. जुने घर पाडून चार मजली बांधायचे ठरले आहे. ठेकेदाराच्या नकाशात तळाला तीन गाळे आणि आजींची खोली तिसऱ्या मजल्यावर. ओटी नाहीच. मुलीने दुसरा नकाशा काढला. त्यात तळाला दोन खणांची ओटी आणि तिला लागून आजींची खोली. त्यापायी एक गाळा जातो. "म्हंजे भाडं बुडलं का नाय?" नाना म्हणाले. बुडते, हे खरेच आहे. त्याला मी गोड बोलून झाकले नाही.

मी त्यांना माझीच एक चूक सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेतकऱ्याला मी छापील नकाशावरून गोठा आखून दिला. गव्हाण बरोबर, उतार बरोबर, मूत्राची नाली बरोबर. पण शेणखड्डा भलत्या बाजूला गेला. काही वर्षांनी त्या घरची बाई भेटली. रोज डोक्यावर पाटी घेऊन ती अख्ख्या गोठ्याला वळसा घालत होती. म्हणाली, "भाऊ, शेण कोण काढतं ते आधी विचारलं असतंत तर!" माझ्याजवळ बी. एस्सी.ची पदवी होती, पण मी त्या बाईला विचारले नव्हते. तुमच्या पोरीने आजीला विचारले आहे. तिसऱ्या वर्षातच एवढे कळले, तर फी फुकट गेली असे मी तरी म्हणणार नाही.

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांची जुनी घरे आज ना उद्या पडणार आहेत. गळके छप्पर जपत बसा, असे मी सांगणार नाही. पण कुदळ घालण्याआधी एक दिवस काढा. टेपने एकेक खोली मोजून वहीत नकाशा उतरवा. ओटी किती उंच, वळचण किती पुढे, वारा कोठून येतो, पावसाळ्यात धान्य आणि सरपण कोठे राहते, हे लिहा. हे सांगायला घरच्या म्हाताऱ्या बायकांना बसवा, कारण घर त्यांनी सर्वांत जास्त वापरलेले असते. सागाचे खांब, तुळया, चौकटी मोडीत देण्याआधी नव्या घरात बसतात का ते पाहा.

आणि कोणाचे मूल या वाटेला जाऊ म्हणत असेल, तर तेही ऐकून ठेवा. बारावीला गणित हवे. नाटासारखी कल चाचणी द्यावी लागते. शिक्षण पाच वर्षांचे. १९७२ च्या कायद्याने नेमलेल्या वास्तुकला परिषदेकडे नाव नोंदल्याशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. म्हणून कॉलेजला त्या परिषदेची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधीच विचारा. शिक्षण संपताच पैशांचा पाऊस पडेल, असे समजू नका. सुरुवातीची काही वर्षे कमाई बेताचीच असते.

निघताना चहा झाला. नाना बराच वेळ गप्प होते. मग मुलीच्या हातातला टेप त्यांनी मागून घेतला आणि आजींकडे वळून म्हणाले, "आये, चौक मांडाला किती जागा लागतं गो तुला?"

आजींनी बसल्या जागेवरून दोन्ही हात पसरून दाखवले. नानांनी टेपचे एक टोक स्वतः धरले आणि दुसरे लेकीच्या हाती दिले. गाळे दोन होणार की तीन, ते अजून ठरलेले नाही. फीचा हप्ता मात्र दुसऱ्या दिवशी भरला, असा निरोप आला.

बराय तर मंडळी. पुढच्या खेपेला वालावरच्या माव्याचे बघू.