मागून येणारी घरघर
अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं. ज्यांनी ती अजून जपली आहे त्यांना कळकळीनं सांगतो, मागून घरघर ऐकू आली की लगेच डिफरेन्शियल खोलू देऊ नका. बुऱ्हाणपूरहून असीरगडच्या घाटाकडे निघा, काचा खाली करा आणि कान द्या. रस्त्याचा पोत बदलताच आवाज बदलला, तर बहुधा टायर. वळणावर एका अंगाला भार येताच वाढला, तर चाकाचं बेअरिंग. चढावर ॲक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि उतारावर पाय काढताच दुसरा, तर मात्र डिफरेन्शियलमधल्या क्राउन-पिनियनकडे बघायला हवं. क्लच सोडताना खट्ट वाजत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून पाहा, स्वस्तात सुटाल. मग डिफरेन्शियलच्या हाउसिंगमधलं तेल काढून बोटावर घ्या आणि उन्हात धरा. चमकी दाट असेल, कण टोचत असतील, तर आत धातू झिजतोय. क्राउन-पिनियनचे हायपॉइड दात फिरताना एकमेकांवर घसटतात, त्यांना दाब सोसणारं गिअर ऑइलच लागतं. आणि बदलायची वेळ आलीच तर क्राउन व पिनियन जोडीनंच घ्या. ती जोडी कारखान्यातच एकमेकांशी घासून जुळवलेली असते. भंगारातला सुटा पिनियन कितीही चकचकीत दिसला तरी घेऊ नका.