घड्याळ नुसतं अचूक नको, स्थिरही हवं!

अणुघड्याळाचा विषय निघाला की मुलं लगेच विचारतात, "सर, ते किती अचूक असतं?" माझ्या मते खरा प्रश्न पुढचा आहे: महिनाभरानंतरही ते तसंच चालतं का?

नेहमीच्या रुबिडियम घड्याळात अणू काचेच्या कुपीत असतात. ते भिंतींवर आणि आतल्या वायूवर आदळतात, त्यामुळे घड्याळाची गती हळूहळू सरकते. नासाने जून 2019 मध्ये अवकाशात पाठवलेल्या 'डीप स्पेस अॅटॉमिक क्लॉक'मध्ये पाऱ्याचे आयन विद्युत क्षेत्राच्या सापळ्यात अधांतरी धरलेले होते. भिंतीला स्पर्शच नाही! म्हणून 23 दिवसांनंतरही चूक 4 नॅनोसेकंदांहून कमी राहिली.

1 नॅनोसेकंदात प्रकाश सुमारे 30 सेंटिमीटर जातो. म्हणजेच वेळ चुकली की अंतर चुकतं, आणि अंतर चुकलं की यान भरकटतं.

आपल्या 'नाविक'च्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही आयात केलेली रुबिडियम घड्याळं बंद पडली होती. 2023 मध्ये एनव्हीएस-01 सोबत स्वदेशी घड्याळ गेलं, ही अभिमानाची गोष्ट. पण इथेच थांबू नये. आयन घड्याळांवरही आत्तापासून काम व्हायला हवं. मुलांनाही हेच शिकवूया: एकदा बरोबर येणं सोपं, रोज बरोबर राहणं अवघड.