जीमेल ‘फुल’ झाल्यावर नवे मेल जातात कुठे?

हॉल तिकीट किंवा मुलाखतीचे पत्र मेलवर येणार, म्हणून उमेदवार वाट पाहतो आणि ते येतच नाही. स्पॅममध्येही नसते. जीमेलची जागा संपली की नवा मेल आत शिरत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. पाठवणारी यंत्रणा स्वयंचलित असेल, तर परत आलेला मेल तिथेही बहुधा कुणी पाहत नाही.

२००४ मध्ये जीमेल १ जीबी जागा घेऊन आले, तेव्हा ती चैन वाटली होती. पुढे मोफत जागा १५ जीबी झाली. पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून. १ जून २०२१ पासून नवे फोटो-व्हिडिओ त्यात मोजले जातात, आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही. म्हणजे जागा खातात लग्नाचे व्हिडिओ आणि अडतो मेल!

त्यामुळे ऑफरचे मेल एकेक करून पुसत बसण्यात फारसा अर्थ नाही. असे शेकडो मेल मिळून जेमतेम २० एमबीच्या एका पीडीएफइतके भरतात. त्यांना ‘अनसब्स्क्राइब’ बरे. ‘गूगल वन’च्या स्टोरेज विभागात मोठ्या अटॅचमेंटचे मेल वेगळे दिसतात, सुरुवात तिथून करावी. पुसलेला मेल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतो आणि तोवर जागा अडवतो, म्हणून ट्रॅशही लगेच रिकामे करावे.

खाते सलग दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिले, तर गूगल त्यातील मजकूर पुसू शकते. आणि एकदा परत गेलेला मेल जागा मोकळी केल्यावर आपोआप येत नाही. तो पुन्हा मागवावा लागतो.